हाड भरून आलं खरं, पण कुणामुळे?

स्टेम सेल (म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात) आणि थ्रीडी प्रिंटिंग वापरून हाड तयार केलं अशी बातमी दर थोड्या महिन्यांनी येते आणि आली की ठरल्यासारखे दोन तट पडतात. एका तटाला वाटतं की झालं, आता कुणाचा पाय कापायची वेळ येणार नाही, हाडाचा चुराडा झाला तरी कम्प्युटरवर आकार काढा, प्रिंट मारा, त्यात पेशी पेरा आणि बसवून टाका. दुसऱ्या तटाचं एकच पालुपद, स्टेम सेल म्हटलं की समजायचं धंदा आहे, सगळं बंद करा. दोघं अगदी तावातावाने भांडतात आणि दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चालतात की हे एकच तंत्रज्ञान आहे. ते तसं नाहीये. यात दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालून विकल्या जातात. एक म्हणजे साचा, ज्याला सगळे स्कॅफोल्ड म्हणतात, सिरॅमिकचा किंवा हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरचा, सीटी स्कॅनवरून त्या पेशंटच्या मापाने छापलेला, आतून जाळीदार. दुसरी म्हणजे त्या जाळीत सोडलेल्या जिवंत पेशी. या दोघांचा पुरावा वेगळा, धोका वेगळा आणि खर्चही वेगळा. माझं म्हणणं साधं आहे. छापलेल्या साच्याला वाट मोकळी करा, तो आजही उपयोगी आहे. पण पेशींच्या नावाखाली पेशंटकडून एक पैसाही घ्यायला परवानगी नसावी, जोवर तोच साचा पेशींशिवाय बसवून जे होतं त्यापेक्षा पेशींमुळे जास्त काही होतं हे कुणी दाखवत नाही.

आता हे एवढं कडक का म्हणतोय ते कळायला आधी हाडाचा स्वभाव बघावा लागतो. हाड मोडलं की ते स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं. मोडलेल्या जागी रक्ताची गाठ बनते, त्यात मऊ कॅलस, म्हणजे तुकड्यांना जोडणारा भराव, तयार होतो, तो कडक होतो आणि मग पुढे कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून परत मूळ आकाराच्या जवळ आणतं. त्वचेवर व्रण राहतो, हाडात मात्र हाडच भरतं. डॉक्टर काय करतो तर तुकडे नीट समोरासमोर आणतो, प्लेट किंवा रॉडने धरून ठेवतो आणि इन्फेक्शन होऊ देत नाही, जुळवायचं काम शरीर करतं. याचा एक तोटा असा की हाडाच्या बाबतीत श्रेय लाटणं फार सोपं आहे, कारण नुसतं थांबलं असतं तरी बऱ्याच वेळा जे झालं असतं तेच उपायाच्या नावावर जमा होतं. अर्थात एका मर्यादेपलीकडे हे चालत नाही. मोठा तुकडाच गेला असेल, ट्युमर काढताना जबड्याचा भाग कापला असेल किंवा जखम इतकी घाण झालेली असेल की आजूबाजूचं सगळंच मेलंय, तर ती पोकळी आपोआप भरत नाही, तिथे खरोखर काहीतरी आणून घालावं लागतं. पण अशा केसमध्येसुद्धा साचा आणि पेशी बसवताना सर्जन आणखी काय काय करतो ते बघा ना. हाडाची मेलेली टोकं तासून ताजी करतो, इन्फेक्शन झालेला भाग काढतो, प्लेट बदलतो किंवा बाहेरून फ्रेम लावतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने थांबलेलं जुळणं परत सुरू होऊ शकतं. मग हाड भरलं तर ते कुणामुळे?

त्यात एक्स-रेची गंमत वेगळीच. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वगैरे ज्या सिरॅमिकचे साचे बनतात ती कॅल्शियमचीच संयुगं आहेत, म्हणजे ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तरी पोकळीच्या जागी छान पांढरं दिसतं. आधीचा काळा फोटो आणि नंतरचा पांढरा फोटो शेजारी ठेवून जी जाहिरात होते त्यात त्या पांढऱ्यातलं नवीन हाड किती आणि बसवलेलं सिरॅमिक किती हे नुसत्या फोटोवरून अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. पेशंटने पायावर वजन टाकलं का, प्लेट काढल्यावर हाड टिकलं का, परत ऑपरेशन लागलं का, हे विचारायला हवं. पण हे प्रश्न फोटोइतके झटकन शेअर होत नाहीत.

या क्षेत्रातली जी खरोखर नावाजलेली उदाहरणं आहेत तीसुद्धा याच प्रश्नावर येऊन अडकतात. 2001 मध्ये इटलीतल्या टीमने तीन पेशंटची केस न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली. 4 ते 7 सेंटीमीटर हाड गेलेलं, पेशंटच्याच बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, पेशी लॅबमध्ये वाढवून सच्छिद्र हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या साच्यावर पेरल्या आणि बसवल्या. तिघांचंही हाड जुळलं, आणि पुढे सहासात वर्षांनी बघितलं तेव्हाही ते टिकून होतं. ही मोठीच गोष्ट आहे, ती नाकारण्यात काही अर्थ नाही. पण तोच साचा पेशी न घालता बसवलेला चौथा, पाचवा, सहावा पेशंट कुठे होता? 2004 मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या सर्जननी त्याहून भन्नाट प्रयोग केला. कॅन्सरमुळे जबड्याचा 7 सेंटीमीटरपेक्षा मोठा भाग गेलेला माणूस होता. त्याच्या मापाची टायटॅनियमची जाळी बनवली, त्यात हाडाच्या खनिजाचे ठोकळे भरले, बीएमपी-7 नावाचं हाड वाढवणारं प्रोटीन घातलं, त्याच्याच बोन मॅरोचे 20 मिलिलिटर घातले, आणि हे सगळं बोचकं त्याच्याच पाठीच्या स्नायूत सात आठवडे पुरून ठेवलं. मग तयार झालेला तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवला आणि त्या माणसाला परत चावून खाता येऊ लागलं. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण यात प्रोटीन आहे, खनिज आहे, बोन मॅरो आहे आणि रक्ताने भरलेला स्नायूही आहे. या चौघांपैकी कुणाला मार्क द्यायचे? बातम्यांनी सरसकट स्टेम सेलला दिले, कारण तो शब्द हेडलाइनमध्ये शोभतो.

आणि इथेच मला वाटतं दोन्ही तटांची नजर चुकीच्या जागी लागलीय. अडचण ना प्रिंटरची आहे ना पेशींची, अडचण आहे रक्ताची. शरीरातली पेशी केशवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आत असेल तरच नीट जगते, त्याच्या पलीकडे ऑक्सिजन आणि ग्लुकोज पोहोचत नाही. आता 4 सेंटीमीटर लांबीचा साचा धरा. त्याच्या मधोमध असलेली पेशी दोन्ही टोकांच्या जिवंत हाडापासून 2 सेंटीमीटर लांब, म्हणजे 20,000 मायक्रॉन, जगण्याच्या मर्यादेच्या शंभरपट. आजूबाजूचा स्नायू चांगला असेल तर बाजूने थोडी मदत मिळते, पण ज्या जखमांना हा उपाय लागतो तिथे नेमका तोच स्नायू गेलेला असतो. नवीन रक्तवाहिन्या दिवसाला 1 मिलीमीटरसुद्धा धड सरकत नाहीत, अर्धा धरला तरी मधे पोचायला चाळीस दिवस लागतील, तोवर पेशी कशावर जगणार? मांडव कितीही देखणा घातला तरी मुळाशी पाणी नसेल तर वेल चढत नाही, तसं आहे हे. कीलच्या केसमध्ये जे जमलं ते पाठीच्या स्नायूने सात आठवडे स्वतःच्या रक्तवाहिन्या आत घातल्या म्हणूनच जमलं असं म्हणायला जागा आहे.

प्रयोगशाळेतल्या त्वचेचं उदाहरण नेहमी दिलं जातं की बघा तिथे झालं ना, मग हाडात का नाही होणार. हो, झालं. हॉवर्ड ग्रीन यांनी 1975 मध्ये त्वचेच्या पेशी लॅबमध्ये भरपूर वाढवायची पद्धत दाखवली आणि 1983 मध्ये भयंकर भाजलेल्या दोन मुलांना तशा त्वचेने वाचवलंसुद्धा. पण ती त्वचा म्हणजे काही पेशींच्या जाडीचा पापुद्रा, खालच्या जखमेतून तिला लगेच अन्न मिळतं. पातळ गोष्ट जगली म्हणून जाड गोष्ट जगेल हे कुठल्या हिशोबाने? मला इथे जवळची वाटते ती हृदय प्रत्यारोपणाची गोष्ट. डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बसवलं, पेशंट 18 दिवस जगला, आणि पुढच्या एका वर्षात जगभरच्या सर्जननी शंभरेक हृदयं बदलून टाकली. बहुतेक पेशंट लवकरच गेले, मग एकेक सेंटर गुपचूप थांबलं. शिवणकाम सगळ्यांना येत होतं हो, शरीर परकं हृदय नाकारतं त्याचं काय करायचं ते येत नव्हतं. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांची टीम तेवढी चिकाटीने त्याच प्रश्नावर बसून राहिली आणि 1980 च्या दशकात शरीराचा हा नकार दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर ते ऑपरेशन खऱ्या अर्थाने उपचार झालं. हाडाच्या बाबतीत प्रिंटर हे शिवणकाम आहे. ते सुंदर येतंय म्हणून अवघड भाग संपला असं समजून घाई करणं म्हणजे परत 1968 च करणं.

मग पेशी काहीच करत नाहीत का? तसं मी म्हणत नाहीये, आणि समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे तो मान्य करून टाकतो. फ्रान्समधले फिलिप हर्निगू यांनी 2005 मध्ये नडगीचं हाड न जुळलेल्या 60 पेशंटचा अभ्यास दिला. बोन मॅरो काढून त्यातल्या पेशी दाट करून न जुळलेल्या जागी इंजेक्शनने सोडल्या, 60 पैकी 53 जणांचं हाड जुळलं. महत्त्वाचं पुढे आहे. जे 7 जण राहिले त्यांना मिळालेल्या मॅरोत हाड बनवणाऱ्या मूळपेशी स्पष्टपणे कमी होत्या. म्हणजे डोस कमी तर परिणाम कमी, आणि असा संबंध दिसला की पेशी काहीतरी करतायत असं मानायला बळ मिळतं. पेशी मोजल्या, किती घातल्या ते लिहिलं, फसलेल्या केसही लपवल्या नाहीत. मला हवा असलेला पुरावा साधारण असाच दिसतो, तुलनेसाठी पेशी न दिलेला गट, म्हणजे कंट्रोल ग्रुप, असता तर अजून बरं झालं असतं. फक्त एक लक्षात घ्या, यात ना काही छापलं होतं ना लॅबमध्ये आठवडेच्या आठवडे पेशी वाढवल्या होत्या, त्याच दिवशी काढून त्याच दिवशी सोडल्या. बोन मॅरोतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे एखादीच अशी मूळपेशी असते, तेव्हा लॅबमध्ये वाढवायचा मोह समजू शकतो, पण वाढवल्याने फायदा वाढतो का हा प्रश्न तसाच राहतो.

शिवाय घातलेल्या पेशी जातात कुठे? प्राण्यांमधल्या प्रयोगांत परत परत असं दिसलंय की त्यातल्या बहुतेक काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मरतात. जे नवीन हाड बनतं ते बरंचसं पेशंटच्या स्वतःच्या पेशी तिथे येऊन बनवतात, आपण घातलेल्या पेशी मरेपर्यंत जी रसायनं सोडतात त्यामुळे पेशंटच्या पेशींना बोलावणं जातं. हे काही टीकाकार म्हणतात म्हणून सांगत नाहीये. या पेशींना मेसेंकायमल स्टेम सेल म्हणून 1991 मध्ये जगापुढे आणणारे अर्नॉल्ड कॅप्लन यांनी स्वतःच 2017 मध्ये लिहिलं की शरीरात या पेशींचं मुख्य काम नवा अवयव बनवणं हे नसून संदेश पाठवणं हे आहे. आता काम संदेशाचंच असेल तर तो संदेश बाटलीतून का देऊ नये? 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टीमने मेंढ्यांच्या नडगीतलं 3 सेंटीमीटर हाड काढून तिथे छापील साचा बसवला, आणि ज्या साच्यात बीएमपी-7 घातलं होतं त्याने वर्षभरानंतर मजबुतीत मेंढीच्या स्वतःच्याच हाडाच्या ग्राफ्टला, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेल्या हाडाला, मागे टाकलं. मेंढीचा पाय आहे हं हा, वजन पेलणारा. नाहीतर असले बरेचसे दावे उंदराच्या कवटीत पाडलेल्या काही मिलीमीटरच्या भोकावर उभे असतात, जिथे भारही नाही आणि रक्त पोहोचायला अंतरही नाही.

पण म्हणून प्रोटीन हेच उत्तर असं म्हणून लगेच उडी मारायची नाही, कारण त्या प्रोटीनचीच गोष्ट या सगळ्या वादात सगळ्यात जास्त शिकवणारी आहे आणि ती कुणीच काढत नाही. मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं की हाडातली खनिजं अ‍ॅसिडने काढून उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला तर चक्क स्नायूत हाड तयार होतं. अस्सल, जबरदस्त विज्ञान. त्यातून बीएमपी सापडलं, आणि 2002 मध्ये अमेरिकेत बीएमपी-2 ला मणके जोडायच्या एका ठराविक ऑपरेशनसाठी परवानगी मिळाली. शरीरात हे प्रोटीन नॅनोग्रॅममध्ये असतं, स्पंजमधून दिलं जात होतं मिलिग्रॅममध्ये. बघता बघता परवानगी नसलेल्या जागीही ते वापरलं जाऊ लागलं, मानेच्या मणक्यातसुद्धा, आणि 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला कारण मानेत सूज येऊन लोकांना श्वास घेता येईना. मग 2011 मध्ये द स्पाइन जर्नलने हिशोब मांडला. कंपनीच्या पैशाने झालेल्या 13 मूळ अभ्यासांत 780 पेशंट होते आणि या प्रोटीनमुळे झालेला त्रास किती नोंदवला होता, तर शून्य. आकडा परत वाचा, 780 जणांत शून्य! खरा त्रास त्यापेक्षा कितीतरी जास्त होता असं त्या लेखाने कागदपत्रं काढून दाखवलं. 2013 मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकाराने दोन स्वतंत्र टीमनी सगळा मूळ डेटा परत तपासला तेव्हा पेशंटला मिळणारा फायदा नेहमीच्या हाडाच्या ग्राफ्टइतकाच निघाला. इथे कुणी भोंदू नव्हता, विज्ञान खोटं नव्हतं, परवानगीही रीतसर होती. प्रामाणिक तुलना व्हायच्या आधी बाजार मोकळा झाला, बास, तेवढ्यानेच सगळं बिघडलं. पेशींच्या बाबतीत तर गोष्ट अजून अवघड आहे, प्रोटीनची निदान प्रत्येक बाटली सारखी असते, पेशींची प्रत्येक बॅच वेगळी, प्रत्येक पेशंटच्या वयाप्रमाणे वेगळी.

यावर जे म्हणणं येतं तेही ऐकायला हवं. पहिलं म्हणजे आत्ताचा उपाय काही फार सुखाचा नाही. पेशंटच्याच कंबरेच्या हाडातून ग्राफ्ट काढणं हा अजूनही सर्वोत्तम मानला जाणारा मार्ग आहे, पण त्यात दुसरी जखम होते, ती जागा कधीकधी महिनोन्‌महिने दुखत राहते आणि माल मर्यादित मिळतो. मान्य. म्हणून तर तुलना त्याच्याशीही व्हायला हवी, दुखणं आणि मर्यादा दोन्ही धरून. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, की असे नियम लावले असते तर इलिझारोव्ह कधीच पुढे आला नसता. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात रिंग आणि तारांची फ्रेम लावून हाड कापून हळूहळू ताणलं तर मधल्या फटीत नवीन हाड बनतं हे दाखवलं, राजधानीतल्या मोठ्या लोकांनी कित्येक वर्षं दुर्लक्ष केलं, 1968 मध्ये उंच उडीतला ऑलिंपिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल त्यांच्याकडे बरा झाला तेव्हा कुठे नाव झालं, आणि पश्चिमेकडे ते पोचायला 1980 उजाडलं. अन्याय झालाच. पण ही गोष्ट माझ्या बाजूची आहे! इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून वेग बदलून बदलून बघितला. दिवसाला अर्धा मिलीमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं, दोन मिलीमीटर ताणलं तर नीट बनत नाही, एक मिलीमीटर बरोबर, आणि तोही एकदम न ताणता थोडा थोडा विभागून. म्हणजे आपल्या उपायातला कुठला भाग काम करतोय हे त्यांनी सुटं करून दाखवलं. पेशी विकणाऱ्यांकडून मी याच्यापेक्षा वेगळं काय मागतोय? आणि जाता जाता, इलिझारोव्ह यांनी बाहेरून एकही पेशी घातली नव्हती, ना प्रिंटर होता. फ्रान्समध्ये मास्कले यांनी 1986 पासून जी पद्धत आणली त्यातही तेच, पोकळीत सहा ते आठ आठवडे सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, त्याच्याभोवती शरीर रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा बनवतं, मग ठोकळा काढून त्या पडद्याच्या आत पेशंटचं हाड भरायचं. 20 सेंटीमीटरच्या पुढच्या पोकळ्यासुद्धा अशा भरल्या गेल्यात. हाड बनवायची अक्कल शरीराकडे भरपूर आहे, परिस्थिती मिळायला हवी.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. ज्याचा पाय कापायचा ठरलाय त्याला तुम्ही कंट्रोल ग्रुपच्या गोष्टी काय सांगता, आणि अशा जखमा एकमेकींसारख्या नसतातच तर मोठी ट्रायल करणार कशी? मोठी ट्रायल अवघड आहे हे खरंय. पण छोटी आणि चोख शक्य आहे. दाढेच्या वर, सायनसच्या तळाशी, हाड वाढवायचं असतं तेव्हा एकाच माणसात दोन्ही बाजूंना गरज असू शकते, एका बाजूला साचा आणि पेशी, दुसऱ्या बाजूला नुसता साचा, आणि एक्स-रे आणि बायोप्सी वाचणाऱ्याला कुठली बाजू कुठली ते सांगायचंच नाही. लांब हाडांमध्ये साचा एकच, फिक्सेशन (म्हणजे प्लेट-रॉडने धरून ठेवायची पद्धत) एकच, आणि पेशी कुणाला द्यायच्या ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, शिवाय प्रत्येक केस, विशेषतः फसलेली, एका सामाईक नोंदवहीत गेलीच पाहिजे. केस कमी मिळतात म्हणून तर एकही केस खाजगी बिलाखाली हरवू देणं परवडणारं नाही. राहिला शेवटची आशा घेऊन आलेला पेशंट. त्याला प्रयोगात जरूर घ्या, फक्त पैसे घेऊ नका. पैसे घेतले की डॉक्टरला ते हाड पेशींमुळेच भरलं असं वाटायला लागतं, आणि घर गहाण ठेवून आलेल्या पेशंटलाही तसंच वाटायला लागतं. मग खर्च कोण करणार? ज्याला पुढे नफा होणार आहे त्याने करावा, नवीन गोळी बाजारात आणताना दुसरं काय होतं?

आता थोडं दुसऱ्या तटाबद्दल, नाहीतर ते म्हणतील बघा हा आपलाच माणूस. या लोकांचं आवडतं उदाहरण म्हणजे सर्जन पाओलो मॅक्यारिनी. 2011 मध्ये स्टॉकहोमला त्यांनी प्लास्टिकची श्वासनलिका पेशंटच्या बोन मॅरोतल्या पेशींमध्ये भिजवून बसवली, स्वीडनमधले असे तिन्ही पेशंट गेले, आणि 2023 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली. भयंकर प्रकरण आहे, आणि स्टेम सेल या शब्दाच्या वलयामुळे किती शहाण्या लोकांनी प्रश्न विचारायचे थांबवले हे त्यातून कळतंच. पण त्यावरून हाडाचं सगळं काम मोडीत काढणं हा आळस आहे. श्वासनलिका सतत बाहेरच्या हवेशी, जंतूंशी संपर्कात असते, हाड बंद जागेत असतं आणि त्याला मुळातच भरून यायची सवय आहे. आणि स्टेम सेलचा उपचार कधीच चालत नाही म्हणणाऱ्यांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट आठवावं. डॉनल थॉमस यांनी 1957 मध्ये सहा पेशंटचे जे निकाल छापले त्यातलं कुणीही फार जगलं नाही, बहुतेकांनी तो नाद सोडला, थॉमस परत कुत्र्यांवरच्या प्रयोगांकडे वळले, टिश्यू जुळवून घ्यायचं तंत्र हाताशी आल्यावर परत माणसांकडे आले, आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1957 चे निकाल बघून कुणी कायमची बंदी घातली असती तर? आणि उलट, तेव्हाच कुणी पैसे घेऊन ट्रान्सप्लांट विकायला सुरुवात केली असती तर?

साच्याच्या बाबतीत मी सैल का आहे तेही सांगतो. पेशंटच्या मापाची, आतून जाळीदार, 300 मायक्रॉनच्या पुढची छिद्रं असलेली वस्तू बनवता येणं हा खरा फायदा आहे, कारण तेवढी छिद्रं असतील तर रक्तवाहिन्या आत शिरतात. छापलेल्या जाळीदार टायटॅनियमचे खुब्याचे कप आणि मणक्यांमधले पिंजरे रोजच्या वापरात आहेत, एकही पेशी न घालता हाड त्यात शिरतं. दोष यातही आहेतच. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं हे ज्यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलंय, त्यामुळे फार ताठ साचा सगळा भार स्वतःच घेतो आणि शेजारचं हाड झिजतं. भरीव टायटॅनियम हाडापेक्षा पाचसहापट ताठ, पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखा पॉलिमर त्याच्या उलट फारच लवचिक आणि विरघळायला दोनतीन वर्षं घेणारा, सिरॅमिक ठिसूळ. पण हे सगळे दोष मोजता येतात, मशीनवर दाबून बघता येतात, बॅच तपासता येते, फसलं तर काढून टाकता येतं. इम्प्लांटचे नियम यासाठी पुरेसे आहेत. त्यात पेशी मिसळल्या की याच वस्तूच्या परवानगीच्या फाइलवर वर्षानुवर्षं धूळ बसते, म्हणजे पेशींच्या हट्टापायी चांगला साचासुद्धा पेशंटपर्यंत उशिरा पोहोचतो, हे नुकसान तर कुणी मोजतच नाही.

आणि पेशींना त्यांची बाजू सिद्ध करायची असेल तर जागाही मी सुचवतो. रेडिएशन दिलेला जबडा. तिथे हाडातल्या पेशी मेलेल्या असतात, केशवाहिन्या बुजलेल्या असतात, बोलावून यायला शेजारी कुणी उरलेलंच नसतं, त्यामुळे नुसता साचा तिथे हरण्याची शक्यता जास्त. आज अशा वेळी पायातलं फिब्युलाचं हाड रक्तवाहिनीसकट काढून जबड्यात जोडतात, तासन्‌तास चालणारं ऑपरेशन असतं ते, आणि एका चांगल्या पायातलं हाड त्यात खर्ची पडतं. पेशी भरलेल्या साच्याने तो पाय वाचवून दाखवला, फुकट, नोंद ठेवून, फसलेल्या केससकट, तर पुढच्या पेशंटला बिल लावायला माझी काही हरकत नाही.